पोसायडनचा पोरगा दिघीत येतो तेव्हा

आगरदांड्याहून दिघीला येणारी फेरीबोट सुटली, की पाहुणे मंडळी कठड्याला येऊन जंजिऱ्याचे फोटो काढू लागतात. आम्हां नेहमीच्यांना त्याचं अप्रूप नाही. आम्ही आपल्या बाजाराच्या पिशव्या पायात धरून बसतो. गेल्या मे महिन्यात अशीच येत होते, तर शेजारची पोर, नुकतीच दहावीत गेलेली, गुडघ्यावर जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून वाचत होती. मुंबईच्या मावसभावानं वाचून झालेलं तिला दिलेलं. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, चिकटपट्टी लावलेली. एकदम मान वर करून म्हणते, "काकू, पोसायडन म्हणजे आपला वरुण का हो?"

आता काय सांगणार! मला पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्राचा देव, हातात त्रिशूळ, एवढंच माहीत. "तसाच काहीसा," म्हणून वेळ मारून नेली.

संध्याकाळी तिची आई आली. चेहरा चिंतेचा. "ताई, तुम्ही वाचता-बिचता, म्हणून विचारते. हे वाचू देऊ का नको? दहावीचं वर्ष. आणि घरात आमच्या सासूबाई रोज बोलतात, परक्यांचे देव घरात कशाला. एक स्तोत्र धड पाठ नाही आणि त्या कुठल्या झ्यूसची वंशावळ तोंडपाठ."

मैत्रिणींनो, अशा वेळी आपण पटकन उत्तर देऊन मोकळ्या होतो. "अगं वाचू दे, वाचन चांगलं" किंवा "नको, अभ्यास बुडेल". मी मात्र म्हटलं, आधी मी वाचते, मग सांगते. आणि पावसाळाभर पाचही भाग वाचले. इंग्रजी सोपं आहे, अडलं तिथे त्या पोरीलाच विचारलं. त्याचा तिला कोण आनंद!

तर हा पर्सी जॅक्सन. रिक रायर्डन नावाचे अमेरिकेतल्या टेक्सासमधले शाळामास्तर, त्यांनी हा लिहिला. त्यांच्या मुलाला वाचताना अक्षरं उलटीसुलटी दिसायची, एका जागी बसवत नसे. शाळेत आवडायच्या त्या फक्त ग्रीक पुराणातल्या गोष्टी. रोज रात्री झोपताना बापानं एकेक गोष्ट सांगायची. सांगता सांगता जुन्या गोष्टी संपल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, मग नवी सांगा. त्या नव्या गोष्टीचं 2005 साली पुस्तक झालं. 2009 पर्यंत पाच भाग निघाले, पुढे आणखी मालिका, दोन सिनेमे, आणि 2023 पासून टीव्हीवरची मालिका. सिनेमांबद्दल आमच्या शेजारणीच्या पोरीचं मत फार वाईट आहे, म्हणून मी ते बघितलेच नाहीत.

कथेची गंमत अशी, की ग्रीकांचे देव मेलेले नाहीत. ते आज न्यूयॉर्कमध्ये राहतात. त्यांचा ऑलिंपस पर्वत एका उंच इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे, लिफ्टनं जायचं. युद्धाचा देव मोटारसायकल उडवत फिरतो. मद्याच्या देवाला शिक्षा म्हणून मद्य बंद आहे, तो बिचारा कोकच्या डब्यावर दिवस काढतो आणि देवांच्या मुलांचं शिबिर सांभाळतो. कारण हे देव अजूनही पृथ्वीवर येतात, माणसांच्या प्रेमात पडतात, मुलं होतात आणि देव निघून जातात. मुलं वाढवायची कोणी? अर्थातच आईनं.

इथे मी सावरून बसले.

पर्सीच्या आईचं नाव सॅली. मिठाईच्या दुकानात काम करते. काकाच्या आजारपणात शिक्षण सुटलेलं, लेखिका व्हायचं होतं ते राहून गेलं. पोसायडन आला, गेला. मुलाच्या अंगात देवाचं रक्त, त्या वासानं राक्षस माग काढत येतात. तो वास लपावा म्हणून ही बाई एका घाणेरड्या, दारुड्या, जुगारी माणसाशी लग्न करते. का, तर त्याच्या दुर्गंधीत पोराचा वास लपेल! मुलांसाठी लिहिलेल्या विनोदी पुस्तकातली ही गोष्ट, मुलं खोखो हसतात. मला नाही हसू आलं. मुलाच्या डोक्यावर पुरुषाचं छप्पर असावं म्हणून नको त्या माणसाबरोबर दिवस काढणाऱ्या बायका तुमच्या गल्लीत नाहीत? पुढे पर्सीच्या लक्षात येतं, की हा माणूस आईवर हातही उचलतो. तो म्हणतो, मी याचा दगड करून टाकतो, मेड्यूसाचं मुंडकं आहे माझ्याकडे. आई नको म्हणते. माझं आयुष्य आहे, ते मलाच सोडवायला हवं, असा तिचा सूर. मग ती स्वतःच काय ते करते. नवरा नाहीसा होतो, आणि एक 'शिल्प' कलाकृती म्हणून विकलं जातं. त्या पैशांत नवीन घराचं भाडं आणि कॉलेजची फी!

आता नवऱ्याचा पुतळा करून विकावा, असा सल्ला काही मी देत नाहीये. पण बाराव्या वर्षीच्या मुलानं आईला वाचवण्याऐवजी आईनं स्वतः सुटावं आणि पुन्हा शिकायला जावं, हे मुलांच्या पुस्तकात सांगणारा लेखक मला आवडून गेला.

आणखी एक देवी यात आहे, हेस्टिया. चुलीची, घरातल्या अग्नीची देवी. बारा सिंहासनांवरून भांडणं नकोत म्हणून तिनं आपलं सिंहासन सोडून दिलेलं. देवांच्या सभेत ती कोपऱ्यात आगटीपाशी निखारे सारत बसते आणि कोणाचं तिच्याकडे लक्षच जात नाही. पाचव्या भागात, सगळं कोसळायच्या बेतात असताना, पर्सी आशेची बंद कुपी सांभाळायला देतो ती या हेस्टियाकडे. वाचताना मला आमच्या लग्नातली अन्नपूर्णा आठवली. माहेराहून आपल्याबरोबर येते, तांदळात बसते आणि मग वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात. तिचं सिंहासन कोणी विचारत नाही.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले, ती वेगळीच आहे.

या कथेत देवांच्या मुलांचं जे शिबिर असतं, तिथे प्रत्येक देवाचं एकेक घर. ज्या मुलाला बाप किंवा आई 'हा माझा' म्हणून खूण करतात, त्याला त्या घरात जागा. ज्यांना कोणीच आपलं म्हणत नाही, ती सगळी पोरं हर्मीसच्या घरात, जमिनीवर अंथरुणं टाकून, दाटीवाटीनं. वर्षानुवर्षं वाट बघतात. त्यातलीच काही रागानं देवांच्या शत्रूला जाऊन मिळतात. शेवटी युद्ध संपल्यावर देव पर्सीला म्हणतात, माग काय हवं ते, अमर करतो. तो नको म्हणतो. तो मागतो एवढंच, की यापुढे प्रत्येक देवानं आपल्या प्रत्येक मुलाला तेराव्या वर्षापर्यंत आपलं म्हटलं पाहिजे. आणि तशी शपथ देवांकडून घेतो.

हे पान आमच्या पोरीनं कोपरा दुमडून ठेवलं होतं.

तिचे वडील बोटीवर आहेत. आपल्या या किनाऱ्याला ते काही नवीन नाही. कोणाचा नवरा बोटीवर, कोणाचा आखातात, कोणाचा मुंबईत आणि घरी गणपतीला दोन दिवस. पैसे वेळेवर येतात, फोन येतो, वाईट काही नाही. मी सहज विचारलं, हे पान का दुमडलंस? तर म्हणाली, "त्याचा बाप देव असून येत नाही. माझा तर साधा फिटर आहे." आणि हसली. तिची आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

आता मला सांगा, 'परक्यांचे देव घरात कशाला' याचं उत्तर आणखी काय द्यायचं? परक्या देवानं त्या पोरीला तिच्या मनातलं वाक्य बोलायला दिलं, जे आपल्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं.

बरं, हा प्रश्न तरी परका आहे का? आमच्या पिढीनं 'मृत्युंजय' वाचून उशा भिजवल्यात. 1967 साली आलेलं पुस्तक, आणि लिहिणारे शिवाजी सावंतही कोल्हापूरच्या शाळेतले शिक्षकच! सूर्याचा मुलगा, सारथ्याच्या घरात वाढलेला, कुळ विचारलं की मान खाली. पण गंमत बघा. कर्णाला आपलं म्हटलं नाही, याचा दोष आपण आजवर कोणाला दिला? कुंतीला. कोवळी पोर, लोकलज्जेला घाबरलेली, तिला. सूर्याला कोणी जाब विचारला? तो स्वप्नात येऊन कवचकुंडलांबद्दल सावध करून गेला म्हणतात, पण त्या रंगभूमीवर सगळ्यांसमोर 'हा माझा मुलगा' म्हणाला नाही. पर्सीची गोष्ट वाचल्यावर पहिल्यांदा माझ्या डोक्यात हा प्रश्न आला, इतकी वर्षं कर्ण वाचूनही. ईरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे माणसं म्हणून बघायला शिकवलं, त्या पुस्तकाला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे देवादिकांना आणि थोरामोठ्यांना प्रश्न विचारायची सवय मराठीला नाही असं नाही. ती आपण मोठ्यांपुरती ठेवली. मुलांच्या वाट्याला मात्र तात्पर्यवाली छोटी पुस्तकं आणि 'देव बघतोय हं' एवढंच.

ती उणीव आता थोडी भरते आहे, पण इंग्रजीतून. याच रायर्डन साहेबांनी दुसऱ्या देशांच्या पुराणांवर लिहिणाऱ्यांना पुढे आणलं, त्यात रोशनी चोक्सी या लेखिकेची आरू शाहची मालिका 2018 मध्ये सुरू झाली. त्यात पांडवांचे आत्मे पुन्हा जन्म घेतात, मुलींच्या रूपात. अर्जुनाचा आत्मा एका बारा वर्षांच्या, थापा मारणाऱ्या मुलीत! आजींना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. रागावल्या नाहीत, हे नमूद करते.

आजींचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. त्यांचं म्हणणं, आधी घरचं कळू दे. बरोबर आहे. पण घरचं कळायला कोणीतरी सांगावं लागतं ना! पोरीला मी विचारलं, नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ दर्याला का देतात? तिला माहीत नव्हतं. तिच्या आईलाही नीट सांगता येईना. शेवटी सांगितलं ते आजींनीच, पावसाळ्यातला खवळलेला दर्या, बंद असलेल्या होड्या, आणि पहिल्यांदा समुद्रात जाणाऱ्यांच्या मागे किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या बायका. तासभर बोलत होत्या. पोर ऐकत होती. विषय निघाला तो त्या पोसायडनमुळे.

आणि हे देव तसे इतके परके आहेत का? या बाबतीत मला नवीनच माहिती मिळाली. आपली दिघी आहे राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी. खाडीनं आत गेलं की मांदाड, आणि जवळच कुड्याची बौद्ध लेणी. त्या लेण्यांना दान देणाऱ्यांमध्ये बायकांचीही नावं कोरलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं इकडच्या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली, त्यात चौलच्या पुढे 'मांदगोर' नावाचं बंदर येतं. काही अभ्यासक ते म्हणजे आपलं मांदाड मानतात. तसं असेल, तर ती गलबतं दिघीवरूनच आत गेली असणार. वादळात त्या खलाशांनी कोणाचा धावा केला असेल? पोसायडनचाच ना!

पुरावा हवा असेल तर कोल्हापूरला जा. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती निघाली. आज ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आपण शंभरदा जातो, पण पर्सीच्या बापाचं दर्शन घेतलंय का कोणी? कार्ल्याच्या लेण्यातही यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत, आणि यवन म्हणजे त्या काळी ग्रीक. मुलीची पत्रिका बघताना गुरुजी 'होरा' म्हणतात, 'केंद्रात गुरू' म्हणतात, हे दोन्ही शब्द मुळात ग्रीकच. तेव्हा परके म्हणून दारात उभे करावेत, तर हे पाहुणे दोन हजार वर्षांपूर्वीच घरात येऊन जेवून गेलेत.

आता दुसरी बाजू. सगळंच गोड आहे असं नाही, आणि आयांनी डोळे मिटून पुस्तकं हातात द्यावीत असंही माझं म्हणणं नाही.

मेड्यूसाची गोष्ट घ्या. केसांच्या जागी साप, जिच्याकडे बघितलं की माणूस दगड होतो ती. रोमन कवी ओव्हिडनं सांगितलेली कथा अशी, की ती सुंदर तरुणी होती, समुद्राच्या देवानं अथीनाच्या देवळात तिच्यावर जबरदस्ती केली, आणि शाप कोणाला मिळाला? तिलाच. आपल्या अहल्येची बहीण म्हणायची. रायर्डनच्या पहिल्या पुस्तकात मात्र ती पोसायडनची मैत्रीण होती, दोघं देवळात भेटले म्हणून अथीना चिडली, एवढंच येतं. लहान मुलांसाठी सौम्य केलं, समजू शकते. पण सौम्य करताना कोणाचा गुन्हा पुसला गेला, हे मोठ्यांच्या लक्षात राहायला हवं. टीव्हीच्या मालिकेत तिला तिची बाजू थोडी मांडू दिली आहे म्हणतात, ते बरं झालं.

मोठ्या मुलींच्या हातात आणखी एक प्रकार असतो, मोबाइलवर चित्रकथा वाचायच्या. 'लोअर ऑलिंपस' नावाची अशी चित्रकथा 2018 ते 2024 चालली, जगभर मुलींनी वाचली. त्यात पर्सेफनी आणि पाताळाचा राजा हेडीज यांची प्रेमकथा आहे. चित्रं सुंदर. पण मूळ गोष्ट अशी, की पर्सेफनी मैत्रिणींबरोबर फुलं वेचत होती, जमीन दुभंगली आणि हेडीजनं तिला रथात घालून पळवलं. बाप झ्यूस याची आधीच संमती होती. ना मुलीला विचारलं, ना आईला. आई डिमीटर, धान्याची देवी, वेड्यासारखी शोधत फिरली आणि मग तिनं पृथ्वीवर पीकच येऊ दिलं नाही. तेव्हा कुठे देव ताळ्यावर आले. पण पोरीनं तिथे डाळिंबाचा दाणा खाल्लेला, म्हणून वर्षातले काही महिने सासरी जावंच लागलं. बापानं परस्पर ठरवलेलं लग्न, आणि माहेरी आली की शेतं पिकतात! आपल्याकडच्या गौरीसुद्धा तीन दिवसच येतात. ही आईची गोष्ट आहे. तिची नुसती राजा-राणीची प्रेमकहाणी केली, तर पळवून नेणारा हळूहळू हिरो होऊन बसतो. मुलींनी वाचावी, जरूर वाचावी, पण डिमीटर कोण होती हे त्यांना आपण सांगावं. मी सांगितलं. पोर म्हणाली, "मग तिच्या आईनं संपच केला म्हणायचा!" अगदी बरोबर.

जाता जाता एक, कारण ते महत्त्वाचं आहे. पर्सीला वाचता येत नाही नीट, अक्षरं नाचतात, वर्गात बसवत नाही. कथेत त्याचं कारण दिलंय, की त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलेला आहे आणि चुळबुळ ही लढवय्याची. खऱ्या आयुष्यात असं कारण मिळत नाही. आमच्याकडे अशा पोराला अजून 'ढ' म्हणतात आणि कान पिळतात. 'तारे जमीं पर' 2007 साली आला, आपण सगळ्या रडलो, आणि घरी येऊन पोराला पुन्हा 'ढ' म्हटलं. अध्ययन अक्षमता ही 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाच्या यादीत आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, इतरही सवलती मिळतात. ज्यांच्या घरी असं मूल असेल त्यांनी शाळेत जाऊन विचारा, लाजू नका. प्रमाणपत्रासाठी शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयापर्यंत हेलपाटे पडतात, ते त्रासाचं आहेच.

तर शेजारणीला मी सांगितलं, वाचू दे. अभ्यासाचं वेळापत्रक कर, झोपण्याआधी अर्धा तास पुस्तकाचा. आणि जमलं तर तूही ऐक तिच्याकडून. ती म्हणाली, "मला कुठलं इंग्रजी येतं!" म्हटलं, ती मराठीत सांगेल. सध्या त्यांच्या ओटीवर रात्री हेच चालतं. पोर सांगते, आई लसूण सोलते, आजी मध्येच म्हणतात, "हे तर आपल्या इंद्रासारखंच की गं, मेला!"

परवा वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. बोट कुठल्याशा बंदरात लागली होती. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, हे नेहमीचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "आई सांगत होती, कसली देवांची गोष्ट वाचतेस? मला पण सांग." पोर सांगायला बसली, अगदी पहिल्यापासून. पर्सीच्या शाळेची सहल निघते, तिथपर्यंत पोचली आणि आमचं हे दिघीचं नेटवर्क, गेलं. मग तिनं पुढचं बोलून बोलून रेकॉर्ड केलं आणि पाठवलं. अकरा मिनिटांचं. तिच्या आईनं मला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं, "ऐकलं. पुढे काय झालं?"